समासातल्या वेळा : एका संपादक बाईंना जाहीर पत्र

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही ताबडतोब विषय बदलता, म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत. तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. इलाज नाही.

माझ्या विज्ञानकथेत मंगळावरचा डॉक्टर पृथ्वीवरच्या सर्जनबाईला रेडिओवर विचारत विचारत शस्त्रक्रिया करतो. तिचं हस्तलिखित तुमच्याकडून परत आलं तेव्हा त्यावर एकही शेरा नव्हता. संवादांच्या डावीकडे समासात फक्त वेळा होत्या, शिसपेन्सिलीने, बारीक अक्षरात. मंगळावरच्या डॉक्टरचा पहिला प्रश्न, 10.00. पृथ्वीवर सर्जनच्या कानावर पडतो, 10.12. तिचं उत्तर मंगळावर, 10.24. असं पान संपेपर्यंत. सहावं उत्तर पोचतं तिथे 12.24, आणि त्याखाली एवढंच : ‘अंतर 21.6 कोटी किमी धरलंय. तोवर पेशंट काय करतो?’

आपण कुठल्या प्रांतात लिहायचं, हा प्रश्न त्या ओळीने निकालात काढला.

आकडे काही गुपित नाहीत. मंगळ जवळ आला तर साडेपाच कोटी किलोमीटरच्या आसपास, लांब गेला तर 40 कोटी. रेडिओचा संदेश जातो प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला 3 लाख किलोमीटर. म्हणजे एका बाजूने 3 ते 22 मिनिटं. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी संवाद लिहिताना हात सवयीने प्रश्नाखाली लगेच उत्तर मांडतो आणि मधली 24 मिनिटं दोन ओळींमधल्या कोऱ्या जागेत गडप होतात. तुम्ही ती समासात काढून ठेवलीत. मग कथेला हवं ते सगळं तिथेच सापडलं. रक्तस्राव चालू असताना प्रश्न विचारून वाट बघत बसता येत नाही. उत्तर येतं ते 24 मिनिटांपूर्वीच्या पेशंटसाठी. त्यामुळे सर्जनला एकाच संदेशात फाटे फोडून सांगावं लागतं : रक्तदाब 90च्या वर असेल तर हे करा, खाली गेला असेल तर ते, आणि मोजताच येत नसेल तर तिसरंच. तिच्या मनात कुठली शक्यता आली आणि कुठली आली नाही, यावरून बाई कशी आहे ते कळतं. व्यक्तिचित्रणासाठी वेगळा परिच्छेद लिहावा लागला नाही.

नंतर फोनवर तुम्ही घड्याळाचं काढलंत. या वेळा कुठल्या घड्याळाच्या? मंगळावरचा दिवस 24 तास 39 मिनिटं 35 सेकंदांचा. तिथल्या माणसांबरोबर काम करणारी पृथ्वीवरची पाळी रोज सुमारे 40 मिनिटं पुढे सरकते आणि 18 दिवसांत दिवसाची रात्र होते. सर्जन पेंगुळलेली का आहे, याचं कारण फुकटात मिळालं.

तुमची महाबळेश्वरची कसोटी आता मी भेटेल त्याला ऐकवतो. मंगळ खोडा, तिथे महाबळेश्वर लिहा आणि कथा पुन्हा वाचा. बिनतक्रार चालली, तर ती विज्ञानकथा नव्हेच. चांगली कौटुंबिक कथा असेल, तर तशीच लिहा, यानाचं भाडं कशाला भरता, असं तुम्ही म्हणालात. नवा लेखक इथेच फसतो. त्याला वाटतं, यंत्रं वाढवली की विज्ञान वाढलं. मग एक शास्त्रज्ञ दुसऱ्या शास्त्रज्ञाला ‘आपल्याला ठाऊकच आहे, डॉक्टर’ अशी सुरुवात करून दोन पानं ठाऊक असलेलंच सांगतो. तुमचा तोडगा साधा : अशक्य वाटणारी गोष्ट एका कथेत एकच गृहीत धरायची, बाकी सगळं हिशेबाने. हिशेब वेगळ्या कागदावर करायचा. दहा आकडे काढले तर कथेत दोन येऊ द्यायचे, उरलेले आठ पात्रांच्या वागण्यातून दिसले पाहिजेत.

फिरतं यान घ्या. गोल फिरवून पृथ्वीइतकं वजन आणायचं, तर 10 मीटर त्रिज्येला मिनिटाला साडेनऊ फेरे लागतात. पावणेसहा फुटी माणूस त्यात उभा राहिला, तर डोक्यापाशी वजन पायापेक्षा 17 टक्क्यांच्या आसपास कमी. झटकन मान वळवली की गरगरणार. फेरे मिनिटाला दोनवर आणायचे, तर त्रिज्या 224 मीटर हवी. यातला एकही आकडा छापायची गरज नाही. पण यान लहान असेल, तर तिथली माणसं हाक आली की मान वळवत नाहीत, अख्खं अंग वळवतात, एवढं वाक्य पुरतं. वादळाचंही तसंच. मंगळावर ताशी 100 किलोमीटरचा वारा सुटला, तरी हवा इतकी विरळ की अंगाला तो आपल्याकडच्या 13 किलोमीटरच्या वाऱ्याइतकाच जाणवेल. त्याने यान उलटत नाही. धूळ मात्र सौरपाट्या झाकते आणि वीज हळूहळू बसते. उलटणाऱ्या यानापेक्षा हे मला जास्त भीतीदायक वाटतं.

आता ज्यांनी आधी वाचलं (की नाही वाचलं?) त्यांच्याबद्दल. एका संपादकांनी ‘बालविभागाकडे पाठवा’ म्हणून कळवलं. कथेत पोट फाडलंय हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. दुसऱ्यांनी यान कमी करून थोडं प्रेम घालायला सांगितलं. तिसऱ्यांनी कथेबद्दल अवाक्षर न काढता विचारलं, ‘तुम्ही शास्त्रज्ञ आहात का?’ 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने आली आणि पहिली ठरली. नाव होतं जयंत नारळीकरांच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून घेतलेलं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत पत्नीच्या हातची होती. नाव न बघता कथा वाचली जावी, याची गरज त्यांच्यासारख्या नामांकित माणसाला वाटली. बिननावाच्या माणसाला ती किती असेल! तुम्ही माझं शिक्षण आजवर विचारलेलं नाही.

आणि वेळा पेन्सिलीनेच का, हेही लक्षात आलंय. हवं तर पुसून टाका, कथा तुमची आहे, असं त्यात होतं. लाल शाई माणसाला गुन्हेगार करून सोडते. चूक दाखवणारे पुष्कळ भेटतात. पण दुसऱ्याच्या पानावर बसून गणित करायचं, ते मुकाट्याने त्याच्या हाती द्यायचं आणि पुढचं त्याच्यावर सोडायचं, यासाठी वेळ लागतो आणि सभ्यपणाही. ज्यांच्याकडे तेवढा वेळ नाही त्यांच्याबद्दल राग नाही. नकाराच्या दोन ओळी लिहायला मात्र 24 मिनिटं लागत नाहीत.

कथा दिवाळी अंकात येते आहे, प्रत पोस्टाने पाठवतो. तुमच्या सगळ्या वेळा कथेत घेतल्या आहेत. एकच ऐकलं नाही. शेवटचा संदेश वाटेत असतानाच कथा थांबवा, असं तुमचं म्हणणं होतं. मी तो पोचेपर्यंत नेली आहे. वाचकाला 12 मिनिटं ताटकळत ठेवायचं आणि वर उत्तरही द्यायचं नाही, हे मला अजून पटत नाही. भेटलो की भांडू.

आपला,
एक विज्ञानकथाकार