युद्धासाठी खाणीत उतरवलेल्या बायका

मा. संपादक,

दुसऱ्या महायुद्धाविषयी मराठीत काही छापून आले की यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांचे व्हिक्टोरिया क्रॉस आणि इटलीत लढलेली मराठा पलटण यांच्याबद्दल वाचायला मिळते. त्या शौर्याचा मलाही अभिमान आहे. पण त्या लेखांत घरची बाई आलीच, तर मनीऑर्डरची वाट बघत बसलेली असते. आम्ही चंद्रपूरकडची माणसे कोळशाच्या पट्ट्यात राहतो. याच युद्धाने बायकांना पुन्हा जमिनीखाली कामाला नेले, हे निदान आमच्याकडे तरी ठाऊक असायला हवे.

कोळसा खाणींत पूर्वी नवरा-बायको जोडीने राबत. तो कोळसा फोडायचा, ती टोपलीत भरून डब्यापर्यंत वाहून न्यायची. १९२९च्या नियमांनी बायकांना भूमिगत कामातून टप्प्याटप्प्याने बाहेर काढायला सुरुवात झाली आणि १९३७ मध्ये पूर्ण बंदी आली. कोंदट हवा, अंधार आणि छत कोसळण्याची भीती पाहता बंदीमागचा हेतू चांगलाच होता. पण दोघांच्या मजुरीवर चालणारे घर एकाच्या मजुरीवर आले, त्याचे काय, याचे उत्तर त्या नियमांत नव्हते.

मग युद्ध आले. लष्करी बांधकामांवर जास्त मजुरी मिळू लागली, तसे खाणमजूर तिकडे वळले. कोळसा कमी पडू लागला. रेल्वे, कारखाने, सगळे कोळशावर चालणारे. १९४३ मध्ये सरकारने बंदी उठवली आणि त्याची सुरुवात मध्य प्रांतापासून केली. चांदा, म्हणजे आताचा चंद्रपूर जिल्हा, तेव्हा त्याच प्रांतात होता. पुढे बंगाल, बिहार आणि ओरिसातही तेच झाले. त्या वर्षीची महागाई एवढी होती की बायकांना फार विचारावे लागलेच नसेल.

यावर टीका झाली. अखिल भारतीय महिला परिषदेने विरोध केला. तेव्हा मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी कोळशाच्या टंचाईमुळे नाइलाजाने उचललेले तात्पुरते पाऊल म्हणून या निर्णयाचे समर्थन केले आणि खाणीत बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, हेही सांगितले. समान कामाला समान दाम हे तत्त्व आपल्याकडे इतक्या लवकर मान्य झाले, तेही खाणीच्या पोटात, याचे मला फार मोल वाटते. फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. दिलेला शब्द पाळला गेला, पण त्याबरोबर ती मजुरीही गेली.

मला खटकते ते हेच. बंदी घालताना, उठवताना आणि पुन्हा घालताना टोपली उचलणाऱ्या बाईचे म्हणणे कोणी नोंदवून घेतले? तिला खाली जायचे नव्हते असे मी म्हणत नाही, आणि जायचे होते असेही नाही. आपल्याला ते माहीतच नाही. १९५२च्या खाण कायद्याने बंदी कायम ठेवली. २०१९ मध्ये ती शिथिल झाली, तीही तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापकीय कामांपुरती. शिकलेल्या मुली आज खाणीत उतरतात, त्याचा आनंदच आहे. पण जिच्या अंगावर युद्धाचा कोळसा पडला, तिचे नाव कुठेच नाही.

घुग्घुस, बल्लारपूर, माजरी, राजूर अशा जुन्या खाणगावांत तेव्हाच्या बायकांच्या मुली-नाती अजून आहेत. आपल्या दैनिकाने त्यांना आठवणी कळवण्याचे आवाहन करावे आणि त्या छापाव्यात. वेस्टर्न कोलफील्ड्स (वेकोलि) या सरकारी कोळसा कंपनीकडे त्या काळातल्या खाणींचे हजेरीपट किंवा मजुरीची पुस्तके शिल्लक असतील, तर ती रद्दीत जाण्याआधी नागपूरच्या अभिलेखागारात पोहोचवावीत.

आपली,
एक वाचक, चंद्रपूर