पट्टा लांब करण्याआधी

औसा, जि. लातूर
१२ जानेवारी

प्रिय बंडू,

तुझे फोटो मिळाले. फोन करावा म्हटलं तर इकडं गॅरेजात ग्राइंडर चालू आणि तिकडं तुझी मध्यरात्र, म्हणून निवांत बसून लिहितोय. येळवस (वेळा अमावास्या) झाली. यंदा रानात पूजेची कोप, म्हणजे कडब्याचं खोपटं, मीच बांधली, पण कडबा विकत आणावा लागला. सगळं शिवार सोयाबीनचं, ज्वारी पेरतंय कोण? आईनं भज्जी वाढताना तुझं नाव काढलं. म्हणाली, "तिकडं बर्फात काय खात असंल लेकरू." लेकरू नव्वद किलोचं झालंय हे मी सांगितलं नाही.

तर तुझी बर्फगाडी, म्हणजे ती स्नोमोबाइल: पुढं घसरायच्या स्की, मागं इंजिनानं फिरणारा रबरी पट्टा. दोनदा रुतलास म्हणून १२१ इंची पट्टा काढून १५४ इंची टाकू का, असं तू मला विचारतोस. मी आजवर बर्फ पाहिला तो रसवंतीच्या पेटीत. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, अशा गावच्या फिटरला कॅनडातला माणूस बर्फातलं विचारतो, याचं गॅरेजात सगळ्यांना हसू आलं. पण गड्या, रुतणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवायचं कारण नाही. जुलैतल्या काळ्या रानात ज्यानं ट्रॅक्टर काढलाय त्याला तुझा बर्फ फार परका नाही.

आपल्या आजोबांची बैलगाडी आठवते? लाकडी चाकाला लोखंडी धाव, रुंदीला दोन-अडीच बोटं. पांदणीत धाव सुरीसारखी आत जायची आणि गाडी आसापर्यंत टेकायची. टायरगाडी आली तेव्हा तेच बैल, तेवढंच ओझं, पण गाडी वर राहिली. अलीकडं नाल्यांचं खोलीकरण चालू होतं तेव्हाही तेच पाहिलं. आठ टनांचं चाकांचं जेसीबी काठावर अडकून बसायचं आणि वीस टनांचं पोकलेन साखळीच्या पट्ट्यावर गाळात खुशाल उभं राहायचं. वजन किती यापेक्षा ते किती जागेवर पसरलंय हे महत्त्वाचं. तेव्हा लांब पट्ट्यानं गाडी तरंगते, हे तुझं म्हणणं मला मान्यच आहे.

पण किती तरंगते, याचा हिशोब कागदावर मांडून पाहिला. पट्टा म्हणजे माळ. माळ जेवढी वाढेल त्यातली निम्मीच खाली टेकते, निम्मी वरून परत जाते. १२१ चा १३६ केलास तर खाली साडेसात इंच वाढले. पट्ट्याची रुंदी १५ इंच. गुणाकार ११२ चौरस इंच आणि थोडा वर. आईची थोरली भाकरी बारा इंचांची असते, तिचंही क्षेत्रफळ जवळपास एवढंच भरतं. म्हणजे १३६ ला एक भाकरी जागा वाढली. १५४ ला सव्वादोन भाकरी. ही जागा काही थोडी नाही. मोकळ्या, कंबरभर भुसभुशीत बर्फात तीच तुला वर ठेवील. पण तू लिहितोस की पाचातले चार दिवस तू रोलर फिरवून दाबलेल्या वाटेवरच असतोस. तिथं त्या सव्वादोन भाकऱ्या नुसत्या ओढत न्यायच्या.

आता माझी फजिती ऐक, म्हणजे पुढचं कळेल. सहा वर्षांपूर्वी मी माझ्या ट्रॅक्टरची मागची १३.६ ची टायरं काढून १४.९ ची चढवली. दुकानदार छातीठोकपणे म्हणाला, बिनधास्त टाका, रुतणारच नाही. पहिला पाऊस झाला, रान वाफशावर यायच्या आधीच मी घाईनं आत घातला. शंभर पावलं झकास गेला. मग टायर आणि मडगार्डच्या मधे चिखल भरत गेला. आधी तिथं चार बोटं जागा होती, आता दोनच. काळी माती तुला माहीतच आहे, गुळाच्या काकवीसारखी चिकटते. चाक फिरताना करकर आवाज यायला लागला, मग मडगार्ड वर उचललं गेलं आणि चाकच थांबलं. सळईनं चिखल खरवडत संध्याकाळ झाली. त्या हंगामात सारखा अर्धा क्लच दाबून चालवावं लागलं, कारण मोठ्या टायरानं त्याच गिअरात ओढ जास्त. पोळ्याच्या आत क्लचप्लेट जळाली. टायर चांगलं होतं, फक्त त्या ट्रॅक्टरचं नव्हतं.

म्हणून तुझ्या फोटोत मी पट्टा पाहिलाच नाही, पट्ट्याच्या वरचा बोगदा, म्हणजे पट्टा ज्याखाली फिरतो तो पत्रा, पाहिला. तू सव्वादोन इंची फाळांचा, म्हणजे बर्फात रुतणाऱ्या उभ्या रबरी पात्यांचा, पट्टा घ्यायचा म्हणतोस. आता आहेत सव्वा इंचाचे. तो जास्तीचा एक इंच वर कुठं जाणार? बोगद्याच्या छताला तुझ्या इंजिनाचा रेडिएटर चिकटलेला आहे. फाळ त्याला घासले तर पाणी गळणार, आणि ते घरापासून तीस किलोमीटरवर गळणार.

दुसरं, दात. तुझ्या पट्ट्याच्या दोन दातांमधलं अंतर २.५२ इंच. त्यानं १२१ ला भागलं की ४८ येतात. १३६ ला भाग, ५४ येतात. म्हणजे १३६ चा पट्टा तुझ्याच पुढच्या दातेरी चाकावर बसेल. कुणी १३७ चा स्वस्तात देतो म्हणाला तर एका इंचानं काय बिघडतंय म्हणून घेऊन येऊ नकोस. तो बहुतेक २.८६ चा असतो, त्याचेही ४८ होतात, पण तुझ्या चाकावर चालणार नाही. १५४ चीही तीच गत.

मग ज्या रुळांवर पट्टा सरकतो ते लांब करायचे. १३६ ला मागं जोड लावून भागतं. १५४ ला रूळच नवे, बोगद्यालाही मागं पत्रा जोडायचा. जड पट्टा फिरवायला चेनकेसमधलं, म्हणजे साखळीच्या पेटीतलं, वरचं स्प्रॉकेट (दातेरी चाक) एक-दोन दातांनी लहान करायचं, म्हणजे वरचा वेग गेला. तुझ्या गाडीचा क्लच बिनगिअरच्या स्कूटरमधल्या बेल्टवाल्या व्हेरिएटरचाच मोठा भाऊ दिसतो. तोही नव्या वजनाला जुळवावा लागेल, नाहीतर बेल्ट जळेल. माझी क्लचप्लेट आठव. आणि लांब गाडी वळणावर सरळ जायला बघते, पुढच्या स्की नुसत्या घसरतात. खड्ड्यांवरून मात्र ती मऊ जाते, हे तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

रुळांखाली प्लास्टिकच्या पट्ट्या असतात असं तू लिहिलंस, त्या बर्फाच्या ओलाव्यानंच थंड राहतात. उघड्या गोठलेल्या तळ्यावर बर्फ उडत नाही, तिथं त्या वितळतात. लांब रूळ म्हणजे जास्त घर्षण. पट्टा कोणताही ठेव, पण मागं बर्फ खरवडून वर उडवणारे ते तारेचे आकडे आधी लाव. ते स्वस्तातलं काम आहे.

तू सांगितलेली त्या बोंबार्डियेची गोष्ट मी आईला सांगितली. क्युबेकमधला मेकॅनिक, १९३४ च्या हिवाळ्यात रस्ते बर्फानं बंद, मुलाला दवाखान्यात नेता आलं नाही आणि मुलगा गेला. मग १९३७ मध्ये त्यानं रबर चढवलेल्या दातेरी चाकाचं आणि पट्ट्याचं पेटंट घेतलं. १९५३ मध्ये दलदलीत चालणारा ट्रॅक्टर केला, आणि तुझ्यासारख्यांच्या मौजेची गाडी आली १९५९ ला. आई कितीतरी वेळ गप्प होती. आपल्याकडंही पावसाळ्यात माणसाला बाजेवर घालून चौघं जण डांबरी सडकेपर्यंत आणायचे. ती कुणाला आठवत होती ते मी विचारलं नाही.

आता तू दोनदा रुतलास ते. दोन्ही वेळा तळ्यावर, वरून कोरडा बर्फ आणि खाली पाण्याचा रबडा. बर्फाच्या भारानं खालचा थर दबतो, पाणी वर येतं, वरून दिसत नाही. आपल्या विहिरीच्या दांडापाशी वरून सुकलेलं आणि आत लोणी असतं, तसलंच. आणि दोन्ही वेळा तू फोटो काढायला थांबला होतास! मागं मासेमारीचं सामान भरलेली घसरगाडी. रबड्यात जो थांबला तो बसला, मग तो टायरगाडीवाला असो की पट्टेवाला. चालत्या गाडीला तिथं १२१ सुद्धा पुरला असता, असं माझं मत.

म्हणून १५४ सोडून दे. या हिवाळ्यात काहीच कापू-जोडू नकोस. रुतशील तेव्हा तारीख, जागा, मागं ओझं होतं का आणि थांबला होतास का, एवढं वहीत लिही. मार्चपर्यंत रबडा सोडून मोकळ्या बर्फात चार-पाचदा रुतलास तर १३६ कर, जोड लावून, दीड इंची फाळांचा, २.५२ चाच. आणि दर रविवारी झोपडीवर लाकडं ओढायचीच असतील तर ही गाडी विकून २० इंच रुंद पट्ट्याची कामाची गाडी घे. घोड्याला नांगराला जुंपून त्याचा बैल होत नाही.

तोवर एक कर. गाडी मागून उचलून स्टँडवर ठेव, पट्टा हातानं फिरव आणि फाळाचं टोक ते रेडिएटर, हे अंतर तीन ठिकाणी मोज: पुढं, मधे आणि मागं. स्टीलची पट्टी लावून फोटो काढ, मागच्या वेळेसारखा अंगठा मधे आणू नकोस. पट्टीचा शून्य नीट दिसू दे.

वहिनींना नमस्कार सांग. आईनं सांडगे पाठवायचे ठरवलेत, पत्ता इंग्रजीत नीट लिहून पाठव.

तुझा,
विठ्ठल