फोन न उचलण्याचं कारण

शिवाजी पेठ, कोल्हापूर
रविवार, सकाळी

प्रिय सुन्या,

गणपतीत तुझे तीन फोन येऊन गेले, दिवाळीत दोन. एकही उचलला नाही. वर चार दिवसांनी 'कामात होतो' असा मेसेज टाकला. तो खोटा आहे हे तुला तेव्हाच कळलं असणार. वहिनी आमच्या हिला म्हणाल्या म्हणे, "भाऊजींचं काही बिनसलंय का?" बिनसलंय, पण तुमच्याशी नाही. माझे कान बिघडलेत, सुन्या. तीन वर्षं झाली. सांगायची लाज वाटत होती म्हणून फोनच उचलायचा बंद केला, आणि आता फोनवर सांगता येत नाही म्हणून पत्र लिहायला बसलोय. कागदावर बरं असतं, 'काय? काय म्हणालास?' करावं लागत नाही.

मला कळलं कसं, ते आधी ऐक. कारखान्यावर शिरोलीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. गनमेटलचे बुश, म्हणजे मशीनच्या दांड्यावर बसणाऱ्या धातूच्या नळ्या हव्यात, शनिवारी नेतो. किती, विचारलं. तो म्हणाला साठ, मी ऐकलं आठ. आठच बुश, म्हणून स्वतः लेथवर उभा राहिलो, मापात केसभरही इकडेतिकडे नाही. शनिवारी माणूस टेम्पो घेऊन दारात! मी त्याच्या हातात पिशवी दिली. तो पिशवीकडे बघतोय, मी त्याच्याकडे. पोरं हसली, मीपण हसलो, आणि रात्री जेवण गेलं नाही. 'स' गेला होता, मर्दा. 'आ' येतो, 'ठ' कसाबसा येतो, 'स' येतच नाही. 'श', 'फ' यांचीही तीच गत. माणसाचा आवाज येतो, पण शब्द कडा घासून गुळगुळीत झाल्यासारखा लागतो.

डावा कान माझा लहानपणापासून वाहतो, तुला ठाऊकच आहे. रंकाळ्यात पोहून आलो की आई कापसाची वात करून बसायची आणि तुझ्या नावानं ओरडायची. पडद्याला भोक. तो कान मी कधीच हिशेबात धरला नव्हता. माझा सगळा संसार उजव्यावर. आणि तोच दगा देतोय म्हटल्यावर कानाच्या डॉक्टरकडे जाणं आलं.

तिथं जे झालं ते तुला सविस्तर सांगायचंय. डॉक्टरांनी नादकाटा काढला. शाळेत प्रयोगशाळेत सर टेबलावर आपटायचे ना, तोच. त्यांनी तो कोपरावर आपटला आणि त्याचा दांडा माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला. "आवाज कुठल्या कानात येतोय?" मी म्हणालो, "डाव्या." माझा मलाच विश्वास बसेना. म्हटलं पुन्हा करा. पुन्हा डाव्यातच. मग त्यांनी काटा डाव्या कानासमोर हवेत धरला, तर जेमतेम. दांडा कानामागच्या हाडावर टेकवला, तर ठणठणीत!

आणि मला एकदम आमच्या मिस्त्रींचा स्क्रूड्रायव्हर आठवला. 1989 साली उद्यमनगरात शिकाऊ लागलो तेव्हा त्यांनी पहिल्याच महिन्यात शिकवलेलं काम ते. मशीन चालू असताना लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर ठेवायचं आणि मूठ कानाजवळच्या हाडाला दाबून धरायची. चांगलं बेअरिंग एकसारखं 'हूं' करतं. खराब व्हायला लागलं की आत कुणीतरी वाळू दळतंय असं वाटतं. शेजारी हातोडे पडत असोत, ग्राइंडर किंचाळत असोत, हाडातून येणारा आवाज वेगळाच कळतो. तीस-पस्तीस वर्षं मी हेच करत आलो, आणि त्यानंच मला फसवलंही. परवापरवापर्यंत पोरं 'मालक, जरा बेअरिंग बघा' म्हणायची आणि माझं निदान बरोबर यायचं. मग कान खराब आहेत असं मी कशाला मानू?

डॉक्टरांना हे सांगितलं तर ते खुर्चीतून पुढंच आले. म्हणाले, कान म्हणजे तीन खोल्या समजा. बाहेरची, मधली आणि आतली. आवाज हवेतून आला की पडदा हलवतो, मधल्या खोलीतली तीन हाडं तो पुढं ढकलतात आणि आत गोगलगाईच्या शंखासारखा जो भाग आहे तिथं ऐकणं होतं. तुमच्या डाव्या कानाची पहिली दोन दारं मोडलीत, आतली खोली चांगली आहे. कवटीचं हाड हललं की आवाज दारं सोडून भिंतीतून आत जातो. उजव्याचं उलटं. दारं शाबूत आणि आतल्या खोलीत पडझड.

मग ऑडिओग्राम काढला, म्हणजे कुठला सूर किती ऐकू येतो त्याचा आलेख. उजव्या कानाची लाल रेघ 2000 हर्ट्झपर्यंत बरी चालत येते आणि 4000पाशी विहिरीत पडावी तशी खाली जाते, 8000ला थोडी वर येते. आवाजानं मेलेल्या कानाची खूणच ती, म्हणाले. आतल्या शंखातले ऐकणारे बारीक केस एकदा गेले की पुन्हा उगवत नाहीत. डाव्याची हवेतली रेघ 55 डेसिबलवर, हाडातली 20वर, आणि आकडा जेवढा मोठा तेवढं ऐकणं कमी. दोन्ही कान त्याच शेडमध्ये, त्याच ग्राइंडरच्या शेजारी, मग डाव्याची आतली खोली वाचली कशी? "भोकामुळं," डॉक्टर म्हणाले, "तो कान आवाज आत पोचवतच नव्हता. फुकटचं बूच होतं तुम्हाला." आईनं आयुष्यभर ज्या कानासाठी नवस केले तोच आतून धड निघाला बघ.

कामगारांच्या आरोग्याचं बघणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेचा एक हिशेब त्यांनी दाखवला. 85 डेसिबलमध्ये माणसानं आठ तासच राहावं, आणि पुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे 100ला पंधरा मिनिटं. आपल्या फेटलिंगच्या, म्हणजे ओतकाम घासून साफ करणाऱ्या पोरांना हे वाचून दाखवलं तर म्हणतात, मालक, पंधरा मिनिटांत तर नुसता चहा होतोय. तरी आता सगळ्यांना कानावर मफ घालायला लावलेत. घालत नाहीत त्याची हजेरी अर्धी. शिव्या देतात, देऊ देत. मला कुठं ऐकू येतात!

ऐकायचं यंत्र घेतलं होतं, तेही सांगतो. साचा घेऊन कानात बसेल असं करून दिलं. विकणारा म्हणाला, आठ दिवसांत सवय होईल. आठ दिवसांत कान वाहायला लागला. वाहत्या कानात बूच मारल्यावर दुसरं काय होणार? हे त्यानं विकायच्या आधी विचारायला हवं होतं. पैसे परत मागायला गेलो नाही, कारण तिथल्या काउंटरवरच्या मुलीचं बोलणं मला समजत नव्हतं. आता हसू येतं. तेव्हा गाडीत बसून रडलो होतो.

गालावरची पट्टी आणली धाकटीनं. ती सकाळी रंकाळ्यावर पळायला जाते तेव्हा लावते, पाठीमागून गाडी आली तर कळावं म्हणून. बोन कंडक्शन, म्हणजे हाडातून ऐकवणारा हेडफोन. मानेमागून तारेची पट्टी जाते आणि दोन बटणं कानाच्या पुढं, गालाच्या हाडावर टेकतात. कान उघडेच. म्हणाली, "बाबा, तुमचा स्क्रूड्रायव्हर." लावली, आणि तिनं घरातल्या आतल्या खोलीतून मला फोन केला. सुन्या, 'स' आला! "बाबा, साठ, आठ, साठ, आठ," एवढंच ती म्हणत होती, आणि मी बरोबर सांगत होतो. कुठलंही बटण टेकवा, कवटी एकच, आवाज दोन्हीकडं पोचतो आणि डाव्याची चांगली खोली तो उचलते.

मग मी मिस्त्रीगिरी केली. पट्टीवर गाणं लावलं. उजव्या कानात बोट घातलं तर तबल्याचा डग्गा एकदम फुगला. डाव्यात घातलं तर काही फरक नाही. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, ही जुनी तपासणीच आहे, तुम्ही घरबसल्या केलीत.

पण फार वाहवत जाऊ नकोस. ही पट्टी म्हणजे ऐकायचं यंत्र नव्हे. ती फोन ऐकवते, बातम्या ऐकवते, गाणं ऐकवते. समोरचा माणूस ऐकवत नाही. लग्नाच्या कार्यालयात मी अजूनही मान हलवणारा नंदीबैल. धाकटीनं फोनमध्ये बोललेलं लिहून दाखवणारं ॲप टाकून दिलंय. त्यानं परवा 'तांबडा रस्सा'चा 'तांबडा रस्ता' केला आणि पाहुण्यांना मी कुठला रस्ता म्हणून विचारलं. शिवाय खर्ज जास्त झाला की गालाला गुदगुल्या होतात, आवाज वाढवला तर शेजारच्याला ऐकू जातो, आणि चष्म्याच्या काड्या नि पट्टीचं कानावर रोज भांडण. डाव्याच्या पडद्याचं ऑपरेशन होऊ शकेल, पण आधी कान काही महिने कोरडा राहायला हवा. त्यासाठी आंघोळीला तेलात भिजवलेला कापूस घालतो. आईचीच वात, काम तेवढं उलटं.

आता दुसरं दुखणं. उजव्या कानात सतत वाजतं. सुंईऽऽ. ग्राइंडर चालू करून कुणी घरी निघून गेल्यासारखं. दिवसा शेडमध्ये कळत नाही, रात्री पेठ झोपली की सुरू. डॉक्टर म्हणतात, जो सूर आत पोचत नाही त्याची मेंदू वाट बघतो आणि आपणच आवाज वाढवत बसतो. औषध विचारलं तर म्हणाले, घालवायच्या मागं लागू नका. शांतता टाळा आणि त्याच्या खाली एक आवाज ठेवा. बुडवायचा नाही, सोबतीला बसवायचा.

मग मी तानपुरा लावतो. संध्याकाळी व्हरांड्यात पट्टी चढवून, अगदी हळू, सुंईच्या जरा खालच्या पातळीवर. देवल क्लबात आपण मागच्या सतरंजीवर बसायचो तेव्हा तू म्हणायचास, गाण्यापेक्षा तानपुरा जुळवतानाच बरं वाटतं. मी तुला वेडा म्हणायचो. दहा-पंधरा मिनिटांत सुंई जात नाही, पण तिच्याकडं बघावंसं वाटत नाही. झोपताना मात्र पट्टी चालत नाही, उशीला अडते. मग पंखा. थंडीतसुद्धा पंखा! तुझी वहिनी दोन वाकळा घेऊन झोपते आणि मला काय म्हणते ते सुदैवानं उजव्या बाजूनं म्हणते.

विसर्जनाला यंदा महाद्वार रोडला गेलो नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमात राहत्या वस्तीला रात्री 45 डेसिबल लिहिलेत. डॉल्बीच्या भिंतीसमोर उभं राहिलं की छातीच्या फासळ्या आवाज ऐकतात. गेल्या वर्षी त्यानंतर सुंई आठवडाभर दुप्पट होती. पट्टीचा तिथं काही उपयोग नाही, कान उघडेच की. तालमीची पोरं रुसली. त्यांना म्हटलं, आरतीला येतो, मिरवणुकीला नाही.

तर आता फोन कर. रात्री साडेआठनंतर, आणि आधी एक मिस्ड कॉल दे, म्हणजे चष्मा काढून पट्टी चढवायला वेळ मिळेल. ओरडू नकोस, ओरडलं की शब्द आणखी फाटतात. आणि आकडा सांगायचा असला तर साठ म्हणू नकोस, सहावर शून्य म्हण.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विज्या

ता. क. उरलेले बावन्न बुश त्या रात्री आणि रविवारी बसून पुरे केले. गिऱ्हाईक अजून येतं. आता ऑर्डर व्हॉट्सॲपवर लिहून पाठवतं आणि खाली कंसात अक्षरी लिहितं, चेक लिहावा तसं.