शेवटचे पाच दिवस आधी ठरव

अंबाजोगाई
५ जानेवारी

प्रिय बाळू,

परवा फोनवर मी नीट बोललो नाही. स्नेहसंमेलनाची तालीम चालू होती, पोरं कान किटवत होती आणि तू एका दमात लोककला महोत्सवाचं आमंत्रण, इटली, जुलै, सोळा माणसं आणि ‘गेलोच आहोत तर पुढं चार-पाच दिवस फिरून येऊ, ते नंतर बघू’ असं सगळं सांगून मोकळा झालास. बाकी सगळ्याला मी हो हो म्हटलं. तुझ्या त्या ‘नंतर बघू’नं मात्र रात्री झोप येईना, म्हणून हे पत्र. फोनवर तू ऐकत नाहीस हे मला तिसरीपासून ठाऊक आहे.

२०१८ला आम्हीही हेच म्हटलं होतं. दक्षिण फ्रान्समधलं छोटंसं गाव, तिथला लोककलांचा महोत्सव, आपली चौदा माणसं. राहणं, जेवण, गावातली ने-आण त्यांची. विमानाचं तिकीट आपलं. अशा महोत्सवांचा रिवाज बहुतेक असाच असतो, तुमच्याही पत्रात तेच असेल. आमंत्रण बारा दिवसांचं, म्हणून व्हिसा बारा दिवसांच्या हिशेबानं मागितला. दहाव्या दिवशी पाच जणांना वाटलं, आता जरा पॅरिस बघून जाऊ. पासपोर्टवरच्या स्टिकरवर राहायचे दिवस छापलेले असतात, ते पुरेनात. तिकीट चौदा जणांचं एकगठ्ठा. एकाची तारीख हलवायची म्हटली तर सांगितलेल्या रकमेत नवं तिकीट आलं असतं. आम्ही पॅरिस बघितलं ते विमानतळाच्या काचेतून. गावात परतल्यावर पारावर लोकांनी विचारलं, ‘तात्या, आयफेल टॉवर कसा हाय?’ आमचे संबळवाले तात्या शांतपणे म्हणाले, ‘उंच हाय.’

गेल्या वर्षी, २०२५ला, परत बोलावणं आलं तेव्हा मी उलट्या टोकाकडून सुरुवात केली. पहिल्या बैठकीत कार्यक्रमावर चकार शब्द नाही. एकच प्रश्न: कोण मागं राहणार, कोण लगेच परतणार? तुझ्या मंडळातही हा प्रश्न पहिल्याच दिवशी टाक, कारण उत्तर शेतावर अवलंबून असतं. जुलै म्हणजे गोंधळ्यांचा रिकामा महिना. लग्नसराई संपलेली, आषाढ लागला की बोलावणी थांबतात, त्यांना पाच दिवस जास्त राहिल्यानं काही बुडत नाही. पण मृदंगवाल्याच्या सात एकरांत सोयाबीन उभं असतं. त्याचा जीव कोळपणीत आणि फवारणीत अडकलेला, त्याला रोम दाखव नाहीतर स्वर्ग दाखव. आमच्यात नऊ जण परतायचे ठरले, पाच राहायचे.

तिकिटंही तशीच दोन वेगळ्या गठ्ठ्यांत काढली. विमान कंपन्या साधारण दहा माणसांच्या पुढं ‘ग्रुप’ धरतात. त्यात अनामत भरून नावं नंतर देता येतात ही सोय आहे, पण सगळ्यांना एकाच दोरीला बांधतात. तुमच्या सोळांचे दोन भाग कर. आणि परतणाऱ्यांत एक तरी इंग्रजी पाट्या वाचणारा, न घाबरणारा माणूस ठेव. मधल्या विमानतळावर चार तासांत गेट तीनदा बदलतं आणि आपली म्हातारी माणसं पहिल्याच गेटासमोर बसून राहतात. आणखी एक, उदगीरकरांना मुंबईपेक्षा हैदराबादचं विमानतळ जवळ. आम्ही मुंबईला पोचेपर्यंतच अर्धे दमलो होतो. दोन्हीकडचे दर काढून बघ.

आता व्हिसा. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निकाल साधारण पंधरा दिवसांत, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंतही लांबू शकतो. म्हणजे तुमचं दार आत्ताच उघडलंय. अर्जातच महोत्सवाचे आणि पुढच्या फिरण्याचे दिवस एकत्र दाखव, राहायच्या जागेच्या कागदासकट. फी मोठ्यांना ९० युरो. पण हे नीट वाच: पंचवीस वर्षं किंवा त्याखालची, ना-नफा संस्थेची म्हणून ना-नफा संस्थेच्याच सांस्कृतिक कार्यक्रमाला जाणारी पोरं असतील, तर त्यांना ही फी माफ आहे. व्हिसा अर्ज-केंद्राचा सेवाआकार मात्र द्यावाच लागतो. आम्हाला पहिल्या खेपेला हे माहीत नव्हतं, चार पोरांचे पैसे उगं गेले. तुमचं मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं आहे, ते प्रमाणपत्र आणि तिकडच्यांकडून त्यांच्या संस्थेबद्दलचं पत्र आत्ताच मागवून ठेव. विमा ३०,००० युरोंचा लागतो, आणि तोही शेवटच्या दिवसापर्यंतचा, महोत्सवापुरता नाही. पासपोर्ट परतीनंतर किमान तीन महिने चालणारा हवा. नावं तपास. आमच्या एकाचं आधारवर ‘मारोती’ आणि शाळेच्या टीसीवर ‘मारुती’ होतं. त्या एका काना-मात्रेपायी दोन महिने गेले.

पैशाचं एकच सांगतो, कारण मैत्र्या इथंच तुटतात. वह्या दोन कर. एक मंडळाची, एक मागं राहणाऱ्यांची. शेवटच्या पाच दिवसांतला चहासुद्धा मंडळाच्या वहीत चढवायचा नाही. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेकडं प्रवासखर्चासाठी अर्ज जरूर कर. मिळालं तर सोन्याहून पिवळं. पण त्या भरवशावर तिकीट काढू नको.

सामानाबद्दल मात्र मी लांबण लावणार आहे.

वासुदेवाची टोपी. आपल्याकडून मोरपिसं देशाबाहेर न्यायला बंदी आहे. पडलेली असोत, विकतची असोत, कलाकुसर केलेली असोत. पहिल्या खेपेला आम्हाला हे मुंबईला, निघायच्या आदल्या रात्री कळलं. वासुदेव रडकुंडीला आला. पिसांविना टोपी म्हणजे नुसतं उलटं धरलेलं नरसाळं. दुसऱ्या खेपेला इथल्या शिंप्याकडून रेशमी कापडाची, तारेवर ताणलेली पिसं करून घेतली, डोळे जरीचे. लांबून कुणाला कळत नाही. जवळून कळतं, पण जवळून बघणाऱ्याला वासुदेव दान मागतो, त्यामुळं कुणी फार जवळ येत नाही.

दिवटी. पहिल्या वर्षी रंगीत तालमीला तात्यांनी दिवटी पेटवली आणि तिथला अग्निशमनवाला धावत आला. बंद सभागृहात उघडी ज्योत चालत नाही. प्रयोग विझलेल्या दिवटीवर करावा लागला. टाळ्या पडल्या, लोक उभे राहिले, पण तात्यांचा आवाज काही चढला नाही. रात्री खोलीत म्हणाले, ‘दिवा न्हाई तर आई येईल कामून?’ दुसऱ्या खेपेला मी दोन महिने आधी त्यांच्या तांत्रिक फॉर्मात सगळं लिहिलं: ज्योत किती उंच, तेल कोणतं, किती मिनिटं जळणार, विझवायची कशी. उत्तर आलं, उघड्या मंचावर चालेल, आमचा माणूस शेजारी उभा राहील. राहिला, अग्निशामक नळकांडं हातात धरून. गोंधळ संपल्यावर तात्यांनी त्याच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. तोही बिचारा दोन दिवस ते तसंच घेऊन फिरत होता.

हलगी तापवायची तर जाळ लागतो, आणि तिथं काडी ओढली की भोंगा वाजतो. आम्ही केस वाळवायचं यंत्र वापरलं. चालतं, पण एकेका हलगीला दहा-पंधरा मिनिटं. दुपारच्या उन्हात ठेवलेली बरी. पावसाची वेळ आली तर म्हणून एक फायबरची सोबत ठेव. तुझा हलगीवाला नाक मुरडेल, मुरडू दे. मृदंगाची कणीक तिकडच्या पिठाची करू नको, ते मैद्यासारखं असतं, धरत नाही. घरचं पीठ पिशवीभर घे.

कापूर विमानात चालत नाही. खोबऱ्याच्या वाट्या सामानात टाकू नको, तेलकट असतात म्हणून त्याही मनाईच्या यादीत आहेत. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, खवा घरीच. वहिनी ऐकायच्या नाहीत, तूच बॅग तपास. कडक भाकरी, शेंगाची चटणी, येसर, हे सगळं बिनदिक्कत ने. आमच्या येसराच्या आमटीवर पोलंडच्या दोन पोरी तीन दिवस जेवल्या. माळकऱ्यांसाठी फॉर्मात ‘शाकाहारी’ एवढंच लिहून भागत नाही. अंडं नाही, मासा नाही, असं खुलासेवार लिही.

आता ते पाच दिवस. महोत्सव रविवारी संपला. त्याच रात्री तुलूझहून पॅरिसला जाणारी रेल्वे पकडली. आपल्या नंदीग्राम एक्स्प्रेससारखीच, झोपायच्या फळ्या, सकाळी पॅरिसात. तिकिटं फार आधी काढली होती म्हणून स्वस्त, वर एका रात्रीचं भाडं वाचलं. सोमवारी पोचायचं हेही ठरवून केलं: तिथला आठवड्याचा पास सोमवार ते रविवार असा चालतो, मधेच घेतला तरी रविवारीच संपतो. गेल्या वर्षी तो ३१.६० युरोंना होता, मेट्रो-बस-लोकल सगळं त्यात. युरो शंभरच्या घरात, त्यामुळं हिशेब तात्यांनाही तोंडी जमत होता. तेच घातक झालं. लूव्हर संग्रहालयाचं तिकीट २२ युरो ऐकल्यावर त्यांनी लगेच बावीसशे केले आणि दारातूनच नमस्कार केला. नोत्र दामचं चर्च फुकट. २०१९च्या आगीनंतर २०२४च्या डिसेंबरात उघडलेलं, आतले दगड नव्या चुन्यासारखे पांढरे. तिथं मात्र तासभर बसले.

राहायला शहराबाहेर, स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं. पाच माणसांत हॉटेलापेक्षा ते स्वस्त पडतं, आणि पिठलं-भात रात्रीचा. दुपारी ला शापेल भागात. उत्तरेकडच्या मोठ्या स्टेशनाला लागून तो भाग आहे, श्रीलंकेच्या तमिळ लोकांची दुकानं, इडली-डोसा परवडणारा. तिथं रू पाजोल नावाच्या गल्लीत गणपतीचं देऊळ आहे. तमिळांचं, पण गणपती तो गणपतीच. तात्यांनी बाहेर चपला काढल्या आणि आत शिरताच तुणतुण्यावर बोट टेकवलं. पुजाऱ्याला भाषा कळली नाही. गण म्हणून झाला तेव्हा त्यानं केळं आणि विभूती हातावर ठेवली आणि खुणेनं सांगितलं, अजून एक. सबंध दौऱ्यात तात्यांचा आवाज असा लागलेला मी ऐकला नव्हता, मंचावरसुद्धा नाही. बिदागी नाही, फोटो नाही, आम्ही चार जण आणि दोन म्हाताऱ्या.

शेवटच्या दिवशी आयफेल. लिफ्टपेक्षा जिन्याचं तिकीट स्वस्त, दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या. आता पारावर कुणी विचारलं की तात्या ‘उंच हाय’ म्हणत नाहीत. ‘सहाशे चौऱ्याहत्तर. मोजल्यात.’

तुझ्यासाठी माझं स्पष्ट मत: पॅरिस डोक्यातून काढ. प्रत्येक देश म्हणजे एक उडी आणि प्रत्येक उडीला पैसे. इटलीतच राहा. अर्जही जिथं जास्त दिवस त्या देशाकडे करायचा असतो, तोही सरळ होईल. महोत्सव उत्तरेला, तर मिलानला उतरा आणि परतताना मागं राहणाऱ्यांचं तिकीट रोमहून काढ. जिथं उतरलो तिथंच परत जायचा खर्च वाचतो. वेगवान गाड्यांची तिकिटं आधी काढली तर स्वस्त. ‘रेजिओनाले’ म्हणजे आपली पॅसेंजर, तिचा दर कधीही तोच. कागदी तिकीट मात्र फलाटावरच्या यंत्रात ठोकूनच चढायचं, नाहीतर दंड. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथली सरकारी संग्रहालयं फुकट, कोलोसियमसुद्धा. तुझ्या तारखा त्यात बसतात का बघ. रांग मात्र आषाढीची. रोममध्ये नन्सच्या मठांतून स्वस्तात उतरता येतं, पंढरपूरच्या मठासारखंच, स्वच्छ आणि रात्री ठरल्या वेळी दार बंद. शहराचा कर माणशी, दर रात्रीचा वेगळा घेतात, तो हिशेबात धर. पाणी विकत घेऊ नको, रोमच्या रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ वाहते असतात.

सोळांपैकी कोण राहणार, कोण परतणार याची यादी संक्रांतीच्या आत पाठव. यादीत तुझंच नाव ‘नंतर बघू’मध्ये असलं तर मीच उदगीरला येतो.

वासुदेवाची टोपी, कापडी पिसांसकट, शुक्रवारच्या सकाळच्या उदगीर गाडीत कंडक्टरजवळ देतो. गाडीचा नंबर फोनवर कळवीन. बसस्टँडवर स्वतः जा, पोराला पाठवू नको. मागच्या वेळी त्यानं ढोलकीचं पुडकं गाडीतच विसरलं होतं.

तुझा,
नाना