झोपलेला पीसी परगावाहून उठवून देणाऱ्या दादांना

दादा,

सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या घरातला पीसी आता परगावाहून हवा तेव्हा उठतो आणि काम संपलं की झोपतो. त्याबद्दलचे आभार फोनवर मानून भागलं असतं. पण हीच अडचण कितीतरी घरांत आहे आणि तुम्ही लावलेला क्रम त्यांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हे उघड पत्र.

सगळ्यात मोठे आभार राउटरला हात न लावू दिल्याबद्दल. तुमचं म्हणणं सरळ होतं: पीसी घरातल्या घरात उठतो का ते आधी बघा, बाहेरचं नंतर. उठवणारं मॅजिक पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून धाडलेला छोटासा संदेश, तसं साधंच. एफएफ या किमतीचे 6 बाइट, त्यामागोमाग पीसीचा 6 बाइटचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक) 16 वेळा, एकूण 102 बाइट. पीसी झोपला तरी एसएमपीएसची (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याची) 5 व्होल्टची स्टँडबाय लाइन चालू असते. तिच्यावर नेटवर्क कार्ड जागं राहतं आणि येणाऱ्या पॅकेटांत एवढा एकच नमुना शोधतं. म्हणून पहिली तपासणी मागच्या लॅन पोर्टच्या, म्हणजे नेटवर्कची वायर लागते त्या खाचेच्या, दिव्याची. पीसी झोपवल्यावर तो दिवा पूर्ण विझत असेल तर आधी बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारी मदरबोर्डची सेटिंग्ज, उघडायचं. तिथे ईआरपी किंवा डीप स्लीप नावाची वीजबचत बंद करायची आणि पीसीआय-ईवरून (नेटवर्क कार्ड ज्या मार्गाने बोर्डाला जोडलेलं असतं त्यावरून) जागं होण्याचा पर्याय चालू करायचा. वायफायने उठवायचा नाद तुम्ही सोडायला लावलात तेही बरं झालं. राउटरपासून पीसीपर्यंत सरळ कॅट 5ई प्रकारची नेटवर्क वायर ओढली की निम्मी कटकट मिटते.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर जायचं आणि तिन्ही चौकटींत टिक करायची. तिसरी, म्हणजे ‘फक्त मॅजिक पॅकेटनेच उठव’, लोक हमखास सोडतात. मग नेटवर्कवरच्या भलत्याच हालचालीने पीसी मध्यरात्री उठून बसतो. कशाने उठला ते पॉवरसीएफजी या विंडोजच्या वीज-सेटिंगच्या साधनातल्या लास्टवेक या आज्ञेने कळतं. शट डाउनऐवजी हायबरनेट करा, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून पीसी बंद करा, हा तुमचा आग्रहही पटला. स्लीप आणि हायबरनेटमधून उठणं विंडोज सांभाळतं, पण फास्ट स्टार्टअप (पुढच्या वेळी लवकर सुरू होण्याची सोय) चालू ठेवून केलेल्या शट डाउनमध्ये ते कार्डाला तयार ठेवतच नाही. त्यातून उठला नाही म्हणून नवं कार्ड आणण्यात अर्थ नाही.

आणि ती दोन मिनिटांची भानगड! पीसी उठतो, रिमोट डेस्कटॉप (दुरून पीसीचा पडदा वापरण्याची सोय) जोडेपर्यंत पुन्हा झोपतो. समोर माणूस नसताना उठलेल्या मशीनसाठी विंडोजचं वेगळं घड्याळ असतं, मुळात 2 मिनिटांवर लावलेलं, आणि पॉवर ऑप्शन्समध्ये ते लपवलेलं असतं. पॉवरसीएफजीने ते उघड करून तुम्ही 30 मिनिटांवर नेलंत. ही एक गोष्ट कळली नाही तर माणूस उगाच वायर बदलत बसतो.

आता बाहेरचं. सगळे जण राउटरवर यूडीपीचं 9 क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं एक दार, पीसीच्या आयपीकडे (घरच्या नेटवर्कवरच्या पत्त्याकडे) वळवून मोकळे होतात. झोपल्यावर थोडा वेळ ते चालतंही, मग बंद पडतं. कारण राउटरच्या एआरपी यादीतली (कोणता आयपी कोणत्या मॅक पत्त्याचा, याच्या यादीतली) पीसीची नोंद काही वेळाने पुसली जाते, झोपलेला पीसी ‘हा आयपी कुणाचा’ या प्रश्नाला सहसा उत्तर देत नाही, आणि पॅकेट राउटरपाशीच मरतं. पॅकेट घरभर प्रसारित करावं तर बरेच घरगुती राउटर शेवटी 255 असलेल्या, सगळ्यांना एकदम पोचणाऱ्या पत्त्याकडे वळवू देत नाहीत. त्याहून मोठा अडसर सीजीनॅटचा, म्हणजे इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक आयपी अनेकांत वाटण्याचा. राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावरचा पत्ता 100.64 ते 100.127 यांमधला असेल तर सार्वजनिक आयपी तुमच्या एकट्याचा नाही, तो अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. मग घरच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरचं पॅकेट तिथवर पोचणारच नाही.

तुमचा उपाय म्हणजे घरात एकाने जागं राहायचं. राउटरशेजारी रास्पबेरी पाय झीरो 2 डब्ल्यू हा चिमुकला संगणक, त्यावर टेलस्केल, म्हणजे आपली यंत्रं इंटरनेटवरून खाजगीरीत्या जोडणारी सेवा. परगावाहून एसएसएचने (दुरून आज्ञा देण्याच्या सुरक्षित जोडणीने) पायवर शिरायचं आणि तिथून मॅजिक पॅकेट पाठवणारी वेकऑनलॅनची आज्ञा द्यायची. नुसतं टेलस्केल का पुरत नाही, हेही तुम्ही नीट सांगितलंत: ते प्रसारणाची पॅकेटं पलीकडे नेत नाही, म्हणून पॅकेट घरातच जन्मायला हवं. आज्ञेत 192.168.1.255 हा घरचा प्रसारण पत्ता स्पष्ट लिहायचा, आणि पाय गेस्ट वायफायवर ठेवायचा नाही, कारण ते बहुधा लॅनपासून तोडलेलं असतं. मॅजिक पॅकेटात साधारणपणे पासवर्ड नसतो, तेव्हा पोर्ट बंद राहिलं हा वरचा फायदा.

वीज गेली की 5 व्होल्टची लाइनही जाते, आणि परत आल्यावर एकदा चालू होईपर्यंत काही बोर्ड पॅकेट ऐकतच नाहीत. त्यासाठी बायोसमध्ये ‘वीज आली की चालू हो’ लावलंत. फायबरचा डबा, राउटर आणि पाय तिन्ही इन्व्हर्टरवर घेतलेत. हायबरनेटमुळे उघड्या फायलीही शाबूत राहतात.

मदरबोर्ड बदलला तर मॅक पत्ताही बदलेल, म्हणून तो पायवरच्या स्क्रिप्टमध्ये एकाच ओळीत, सगळ्यात वर लिहून ठेवलात. पुढे दुरुस्तीला कुणीही आलं तरी त्याला एवढीच ओळ बदलावी लागेल.

कळावे, लोभ असावा.

तुमचे,
नाशिकचे घरचे सगळे