शार्कचा चित्रपट आणि छपरावरची मगर

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी दुपारी एका हिंदी वाहिनीवर ‘बेट’ हा २०१२ सालचा ऑस्ट्रेलियन भयपट आमच्या घरी सगळ्यांनी मिळून पाहिला. नाव ऐकून पोरांना तो कुठल्यातरी बेटावरचा चित्रपट वाटला होता. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ गळाला लावायचे आमिष असा होतो, हे सांगितल्यावर त्यांचा जरा विरसच झाला. कथा थोडक्यात अशी आहे : क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर त्सुनामी येते, समुद्राचे पाणी एका सुपरमार्केटात आणि तिथल्या वाहनतळात घुसते, बाहेर पडण्याच्या वाटा ढिगाऱ्याने बुजतात आणि जी माणसे वाचतात ती सामानाच्या उंच मांडण्यांवर चढून बसतात. त्याच पाण्याबरोबर आत आलेले ग्रेट व्हाइट जातीचे शार्क मग एकेकाला खाली ओढू लागतात. त्यातच दुकानावर दरोडाही पडलेला असतो, म्हणजे वर चोर आणि खाली मासा अशी चोख व्यवस्था लेखकाने करून ठेवली आहे.

अशा चित्रपटांना आपल्याकडे ‘टाइमपास’ म्हणून सोडून दिले जाते आणि त्यांच्याविषयी कोणी गंभीरपणे लिहीत नाही. मला मात्र लिहावेसे वाटले, कारण या चित्रपटात पाणी जितके खरे आहे तितकाच प्राणी खोटा आहे, आणि कृष्णा-दूधगंगेच्या काठावर राहणाऱ्या आम्हा लोकांचा या दोन्ही गोष्टींशी संबंध येतो.

आमचे घर निपाणी तालुक्यात, दूधगंगेपासून हाकेच्या अंतरावर आहे. मलिकवाड-दत्तवाड आणि कल्लोळ-येडूर हे पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात, आणि त्याची बातमी आता कोणी फारशी मनावरही घेत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये मात्र काळम्मावाडी धरणातून किती पाणी सोडले आणि अलमट्टी धरणातून किती जाते आहे याचा हिशेब करता करताच पाणी उंबऱ्यावर आले, आणि वर्तमानपत्रांच्या नेहमीच्या भाषेत सांगायचे तर ‘गावाला बेटाचे स्वरूप’ आले. (पोरांनी लावलेला अर्थ त्या हिशेबाने अगदीच चुकीचा नव्हता.) म्हशींची दावी सोडून दिली, आईला आधी वर चढवले आणि आम्ही सहा जणांनी दोन रात्री माळ्यावर काढल्या. पहिल्या रात्री अंधारात खालून ठोके येऊ लागले. टण्ण असा एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा दोन. पुरात मगरी गावात शिरतात हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे कोणी काही बोलले नाही, पण प्रत्येकाने पाय वर ओढून घेतले. पहाटे उजेड पडल्यावर पाहिले तर गॅसचा रिकामा सिलिंडर पाण्यावर तरंगत येऊन माळ्याच्या तुळईला धडकत होता. आईने त्याला हात जोडले, आणि भीती ओसरल्यावर आम्ही इतके हसलो की शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी काय झाले म्हणून हाक दिली.

भयपटाचे सारे मर्म त्या सिलिंडरमध्ये होते असे मला आज वाटते. १९७५ साली आलेल्या ‘जॉज’ या चित्रपटासाठी बनवलेला यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बिघडत असे, म्हणून दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांना मासा न दाखवताच मासा आहे असे भासवावे लागले. माशाला अडकवलेली पिवळी पिंपे पाण्यावरून धावत येतात, खाली काय आहे ते दिसत नाही, आणि प्रेक्षक खुर्चीत पाय वर घेतो. ‘बेट’च्या निर्मात्यांपुढे ती अडचण नव्हती. संगणकावर हवा तेवढा शार्क बनवता येत होता, शिवाय चित्रपट त्रिमिती असल्यामुळे तो जबडा उघडून थेट अंगावर सोडण्याचा मोहही होता. म्हणूनच मासा दिसला की भीती कमी होते. त्याच्या आधीचे गढूळ पाणी, त्यावर तरंगणारी पाकिटे आणि बाटल्या, मांडणी डुगडुगली की एकमेकांचे कपडे घट्ट धरणारे हात, हे सारे मात्र खरे वाटते. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात भिजून फुगलेल्या तूरडाळीची पोती उसवली होती आणि साबणाच्या वड्या विरघळून पाण्यावर फेस धरला होता. चित्रपटातल्या दुकानात ते कोणी दाखवले नाही, पण तेथील पाण्याला तोच वास येत असणार हे मला घरबसल्या कळले.

एका प्रसंगाबद्दल तर मी या चित्रपटाला मनापासून दाद देतो. तुटलेल्या विजेच्या तारा पाण्याला टेकल्या तर शार्कची गरजच उरणार नाही, हे त्या अडकलेल्या माणसांच्या ध्यानात येते आणि त्यांच्यातला एक जण अंगाला जाळीचे चिलखत बांधून वीज बंद करायला पाण्याखाली उतरतो. शहरातल्या प्रेक्षकाला हे कदाचित कथानक लांबवण्यासाठी घातलेले ठिगळ वाटेल. नदीकाठच्या माणसाला तसे वाटणार नाही, कारण पाणी चढू लागले की आमच्याकडे पहिला फोन वायरमनला जातो आणि दुसरा नातेवाइकांना.

आता प्राण्याविषयी. ग्रेट व्हाइट हा खुल्या समुद्रात लांबचा प्रवास करणारा मासा आहे. श्वास घेण्यासाठी त्याला सतत पुढे पोहत राहावे लागते, कारण त्या हालचालीमुळेच कल्ल्यांतून पाणी वाहते. मोठ्या मत्स्यालयांनी त्याला पाळण्याचे प्रयत्न केले, पण पकडून आणलेले मासे काही दिवसांतच मरत किंवा परत सोडावे लागत. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे बे मत्स्यालयात २००४ साली आणलेले एक कमी वयाचे मादी पिल्लू १९८ दिवस टिकले, तेव्हा तोच मोठा विक्रम ठरला आणि अखेर तिलाही समुद्रात सोडून द्यावे लागले. ज्या माशाला लाखो लिटर स्वच्छ पाण्याच्या टाकीत करमत नाही, तो चिखल, तेल आणि मोडक्या मांडण्यांनी भरलेल्या दुकानाच्या अरुंद बोळात माणसे मोजून एकेक करून खाईल, हे मला पटत नाही. त्या दुकानात सर्वांत वाईट रीतीने कोणी अडकले असेल तर तो मासाच होय. माणसांना निदान मांडणीवर चढता येत होते.

आकडेही पडद्यापेक्षा फार वेगळे आहेत. फ्लोरिडा विद्यापीठातील संग्रहालयात शार्क-हल्ल्यांची जगभरची नोंद ठेवली जाते, आणि तिच्यानुसार माणसाने न डिवचता झालेले चावे वर्षाला सरासरी साठ-सत्तरच्या आसपास असतात व त्यांतील मृत्यू बहुधा दहाच्या आतच राहतात. उलट बाजूने, मासेमारीत दरवर्षी सुमारे दहा कोटी शार्क मारले जातात असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१३ साली मांडला होता. त्यात थोडा वाटा आपलाही आहे. बेळगावच्या कॅम्पातल्या मासळी बाजारात ‘मोरी’ म्हणून जी विकली जाते तो लहान शार्कच असतो. तिची कातडी काचकागदासारखी खरखरीत असते, आत काट्यांऐवजी कुर्चा असते म्हणून ती लहान मुलांना बिनघोर देता येते, आणि जरा शिळी झाली की तिला अमोनियाचा उग्र दर्प सुटतो. चित्रपट पाहून घाबरलेल्या माझ्या पुतण्याला मी हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला आणि मग, मागच्या महिन्यात आपण खाल्ली ती हीच का, असे त्याने विचारले.

‘जॉज’ ज्या कादंबरीवरून निघाला तिचे लेखक पीटर बेंचली यांनी पुढचे आयुष्य शार्कच्या संरक्षणासाठी बोलण्यात घालवले, आणि त्या पुस्तकामुळे व चित्रपटामुळे शार्कची जी कत्तल झाली तिचा आपल्याला खेद आहे, असे खुद्द स्पीलबर्ग यांनी २०२२ साली बीबीसीच्या मुलाखतीत मान्य केले. पडद्यावरची भीती पडद्यावरच राहत नाही याची ही कबुली मानायला हरकत नाही. आपल्याकडे समुद्र नाही, पण कृष्णेत मगर आहे, आणि माझ्या पत्राचे खरे कारण तेच आहे.

मगर निरुपद्रवी आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. कृष्णाकाठी तिने माणसांचे बळी घेतले आहेत, आणि ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ म्हणून तिला गोंजारण्याचा सल्ला कोणी शहाणा देणार नाही. मात्र तिच्या वागण्याला काळवेळ असते. ती उन्हाळ्यात नदीकाठच्या मातीत अंडी घालते आणि त्यांची राखण करते, म्हणून त्या दिवसांत धुणी-अंघोळी करताना व जनावरे पाण्यावर नेताना जास्त जपायला हवे. ही माहिती कळली तर एखादा जीव वाचेल. चित्रपटातला प्राणी मात्र माणसावर डूख धरून असतो, आणि डूख धरणाऱ्यापुढे सावधगिरी चालत नाही, त्याला मारणे एवढाच उपाय उरतो. मगर दिसली की दगड घेऊन धावणारी पोरे मी आमच्याच घाटावर पाहिली आहेत, आणि त्यांच्या तोंडची भाषा अशाच चित्रपटांची असते. वास्तविक आपली जुनी कथा याहून उदार आहे. गजेंद्रमोक्षात हत्तीचा पाय धरणारा नक्र, म्हणजे मगर, हा शापाने तसा झालेला हूहू नावाचा गंधर्व असतो, आणि त्या प्रसंगात सुटका हत्तीची होते तशी त्याचीही होते.

२०१९ च्या त्याच महापुरात रायबाग तालुक्यातील एका बुडालेल्या घराच्या छपरावर मगर येऊन बसल्याचे चित्रीकरण देशभर गाजले होते. आपल्या वाचकांना ते आठवत असेल. ते आमच्याकडे पोचले तेव्हा आम्ही छावणीत होतो, आणि सगळे एकाच मोबाइलवर वाकून पाहत होतो. चारी बाजूंना तांबूस पाणी, मधे तेवढेच कोरडे छप्पर आणि त्यावर जबडा उघडून पडलेली मगर. कोणीतरी म्हणाले, हिचा सिनेमा काढला पाहिजे. त्यावर शेजारच्या कन्नड आजी, ज्या मगरीला ‘मोसळे’ म्हणतात आणि ज्यांचे स्वतःचे घर तेव्हा गळ्याइतक्या पाण्यात होते, त्या म्हणाल्या की तिला तरी दुसरीकडे कुठे बसायला जागा होती?

म्हणून माझी विनंती एवढीच की, आपल्यासह या भागातील सर्वच मराठी वृत्तपत्रांनी पावसाळ्यात नदीत किंवा शिवारात मगर दिसल्याची बातमी देताना ‘नरभक्षक’ आणि ‘मगरीची दहशत’ ही चित्रपटातून आलेली शब्दयोजना टाळावी. त्याऐवजी मगर कोणत्या घाटावर, किती वाजता दिसली आणि वन खात्याच्या कोणत्या क्रमांकावर कळवायचे, एवढे चौकटीत छापावे. गेल्या पावसाळ्यात आमच्या गावाजवळ मगर आली तेव्हा ती बातमी मी दोन वृत्तपत्रांत वाचली आणि दोन्हींत तिची लांबी वेगवेगळी होती, पण घाटाचे नाव एकातही नव्हते.

आपला,
दूधगंगाकाठचा एक वाचक,
ता. निपाणी, जि. बेळगाव