सूचना : परीक्षेचा ताण, टेलि-मानस आणि मागची खोली

सप्रेम नमस्कार,

ज्यांची मुलं इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठात शिकतात किंवा ज्यांच्याकडे भंवरकुआं भागात विद्यार्थी भाड्यानं राहतात, वाचनालयाच्या त्या सभासदांना ही आठवण.

आमच्या वरच्या खोलीतल्या मुलाचा डबा सलग चार दिवस जसाच्या तसा परत आला. पोळ्या वाळून पापड. मी आधी भाजीलाच दोष दिला! पाचव्या दिवशी जिन्यात उभ्याउभ्या तो म्हणाला, "काकू, झोपच लागत नाही."

अशा ताणात बोलायला केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

ताणासाठीचे ऑनलाइन कार्यक्रमही असतात. छोटे धडे, मनात आलेला विचार लिहून तो तपासायचा, झोपेची नोंद ठेवायची, असा साधा अभ्यास. पण एकट्यानं सुरू केलेला कार्यक्रम बहुधा मध्येच सुटतो. मधूनमधून विचारपूस करणारा प्रशिक्षित माणूस असेल तर टिकतो. निवडताना एवढं नक्की बघा. नुसतं ॲप उतरवून देऊन आपण मोकळे होऊ नये.

मूल जिवाचं बरंवाईट करण्याचं बोललं, तर मात्र धडेबिडे नकोत. त्याला एकटं सोडू नका, लगेच १४४१६ लावा किंवा थेट दवाखान्यात न्या.

घरात निवांत बोलायला जागा नसते, म्हणून वाचनालयाची मागची खोली बुधवारी व शनिवारी संध्याकाळी ५ ते ७ मुलांसाठी मोकळी ठेवली आहे. वायफाय आहे, हेडफोन आपापले आणावेत. आत कोण आहे हे बघायला कृपया दार वाजवू नये.

— कार्यवाह